पांढरा चहा : काही टिपणे

फुजियान प्रांतात समुद्राजवळ फूदिंग, आत डोंगरात झेंगहे. चिनी पांढऱ्या चहाचे बोलणे फिरून फिरून या दोन जागांशी येते.

*

पाने भाजत नाहीत, वळतही नाहीत. खुडायची, पसरून दोन-तीन दिवस कोमेजू द्यायची, मग सुकवायची. सारी कसोटी कोमेजण्यात. हवेचा अंदाज चुकला की पान काळवंडते, नाहीतर कच्चा हिरवट वास राहतो.

*

बायहाओ यिनझेन म्हणजे लवदार कळ्याच. फूदिंगच्या गुबगुबीत, पेल्यात काकडीचा, ओल्या गवताचा ताजेपणा. झेंगहेच्या जरा लांबट, करड्या. चव भरीव आणि घशात रेंगाळणारी. मला झेंगहेचाच आवडतो. तिकडे हवेशीर सावलीत संथपणे कोमेजवायची जुनी रीत आहे. झाडाच्या जातीइतकेच श्रेय मी तिला देतो.

*

तुलना करायची तर चिनी पारख्यांच्या पद्धतीने : ३ ग्रॅम चहा, १५० मिली उकळते पाणी, ५ मिनिटे. एरवी कळ्यांना थोडे निवलेले पाणी ठीक. पण त्यात दोष लपतात.

*

बाय मूदान : कळी आणि सोबत एक-दोन पाने. रोजच्यासाठी हाच.

*

सोंग सम्राट हुइझोंगने ११०७ च्या सुमारास पांढऱ्या चहाची थोरवी लिहिली. विक्रेते त्याचा दाखला हमखास देतात. पण तो दुर्मीळ फिकट पानांच्या झाडांचा, वाफवून वड्या पाडलेला चहा. आजच्या यिनझेनची घडण एकोणिसाव्या शतकातली. उसनी वंशावळ कशाला हवी?

*

युन्नानचा युएग्वांगबाय : पान एका बाजूने काळे, दुसऱ्या बाजूने रुपेरी. मधाळ, पण दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला ओसरतो.

*

शोउमेई. मोठी पाने, देठ, उतरंडीत तळाला. भाव कळीवर ठरतो, कारण कळ्या वसंतात थोडेच दिवस मिळतात आणि खुडायला हात फार लागतात. चवीचा निवाडा मात्र वेगळा. काही वर्षे मुरलेला शोउमेई किटलीत उकळावा : तांबूस रंग, दाट गोडवा, सुकवलेल्या बोरांचा वास. ‘एक वर्ष चहा, तीन वर्षे औषध, सात वर्षे खजिना’ असे चीनमध्ये म्हणतात. औषधाचे मी काही म्हणत नाही. मुरण्याचे मात्र खरे. माझ्या लेखी थंडीत याच्यापुढे यिनझेन फिका.

*

मुरलेल्या चहाची जुनी वडी घेताना ती फोडून आतले पान हुंगावे. कुबट वास आला तर वेष्टनावर कितीही जुने वर्ष असो, घेऊ नये.