दारूचं पिंप आणि पाणी गाळायचं फडकं



आमच्या घरामागं, पन्हाळीच्या पाइपाखाली, दारूचं एक रिकामं पिंप उभं आहे. त्याच्या तोंडावर आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पाणी गाळायचं दुहेरी फडकं बांधलंय. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या चुलत जावेनं ते पाहिलं आणि "हे काय गं, तुमच्याकडं?" असं विचारलं. तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आम्ही केंटकीत, लुईव्हिल शहराजवळ राहतो. बर्बन नावाची दारू मुख्यतः या राज्यात बनते. इथल्या गोदामांत मुरत पडलेली पिंपं राज्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत. नवीन आलो तेव्हा बार्डस्टाउनकडं जाताना झाडांचे बुंधे आणि घरांच्या भिंती काळ्या पडलेल्या दिसल्या. मला वाटलं आग लागून गेली असेल. नंतर कळलं, पिंपांतून उडून जाणाऱ्या दारूच्या वाफेवर जगणारी ती बुरशी आहे. म्हणजे न पिणाऱ्याच्या भिंतीवरसुद्धा दारू आपली खूण ठेवून जाते.

अमेरिकन कायदा असा आहे की बर्बन मुरवायला दर वेळी ओक लाकडाचं नवं कोरं, आतून जाळलेलं पिंपच लागतं. एकदा रिकामं झालं की त्यात पुन्हा बर्बन मुरवता येत नाही. साठ-सत्तर वर्षं वाढलेलं झाड, आणि त्याचा उपयोग एकदाच! मग ही पिंपं स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जातात, मेक्सिकोत टकीलासाठी जातात, लुइझियानात टॅबॅस्को सॉसच्या मिरच्या मुरवायला जातात. उरलेली लोक बागेसाठी घेतात.

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे. त्यांच्या डोक्यात आलं की पावसाचं पाणी साठवून भाजीच्या वाफ्यांना घालायचं. प्लास्टिकचं पिंप नको, लाकडाचंच हवं. बापलेकांनी मला न विचारता शेजाऱ्यांची पिकअप घेतली आणि 130 डॉलरला एक पिंप आणलं. मेमधली गोष्ट. सासूबाई येऊन आठच दिवस झाले होते. यंदाचा चातुर्मास त्या इथंच करणार होत्या.

मी ऑफिसातून आले. गॅरेजचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि तो वास आला.

मुलावर मी जी ओरडले, तशी आजवर कधी ओरडले नव्हते. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढ ते" म्हणाले. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, पिंप घरात राहणार असेल तर माझं मी वेगळं शिजवून घेईन. पण पोरावर एवढं कशाला?"

मुलानंही तेच विचारलं. "मम्मी, ते रिकामं आहे. तू एवढी का चिडलीस?"

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचं जेवण झाल्यावर, टेबलावरची ताटं तशीच ठेवून, मी सांगितलं. माझे वडील पीत होते.

आमचं गाव सांगलीकडचं. घरासमोर बस्ती. अण्णा रोज सकाळी अभिषेकाला हजर असायचे आणि आठवड्यातनं दोन-तीनदा तालुक्याहून रात्री उशिरा यायचे. आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस ते एक थेंब घ्यायचे नाहीत, आणि अकराव्या दिवसाची आई धास्ती घ्यायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलायचं नाही, कारण "आपल्यात कुणी पीत नाही" असं म्हणायची पद्धत. माझं लग्न ठरताना आईनं मला एकच सांगितलं, "तिकडं यातलं काही काढायचं नाही." मी काढलं नाही. अण्णा गेले, आई गेली, माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली. ह्यांना अर्धवट माहीत होतं. सासूबाईंना काहीच नाही.

सांगून झाल्यावर मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं एकटीच धरून बसलीस होय?" आणि ताटं उचलायला उठल्या. वेगळं शिजवायचा विषय त्यांनी परत काढला नाही.

पण पिंपाचा प्रश्न होताच. आपल्या श्रावकाच्या अष्टमूलगुणांत मद्यत्याग पहिला. आचार्य अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्याचे दोन दोष दिलेत: ते मनाला मोहित करून धर्म विसरायला लावतं, आणि ते स्वतःच असंख्य जीवांचं उत्पत्तिस्थान आहे. आता पिंप म्हणजे मद्य नव्हे, लाकूड आहे, पुद्गल आहे, हे मलाही कळतं. पण कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन दरवाजे आपल्याकडं सांगितलेत. आम्ही प्यायलो नाही, कुणाला पाजली नाही. पण 130 डॉलर दिले, त्यातला काही भाग त्या धंद्याकडं गेलाच असेल. यावर मी पळवाट काढणार नाही. आता आलेलं पिंप फेकून दिलं तर झाड वाया जाईल, म्हणून ठेवलं. दुसरं आणणार नाही. पुढच्या वेळी प्लास्टिकचं जुनं पिंप शोधू.

सासूबाईंनी तीन अटी घातल्या. पिंप घरात आणायचं नाही. त्यातलं पाणी स्वयंपाकाला किंवा देवाला वापरायचं नाही. आणि त्यात जीव पडू द्यायचे नाहीत. तिसरी अट सगळ्यांत अवघड होती.

आता कामाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी जुनं लाकडी पिंप बागेसाठी घेणार असेल तर उपयोगी पडेल. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर पिंपं बनवण्याच्या कारखान्यात होते. त्यांनीच शिकवलं.

या पिंपात 53 गॅलन, म्हणजे साधारण 200 लिटर मावतं. रिकामं पिंप पन्नासेक किलो भरतं. तीसेक फळ्या आणि त्यांना आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बस. खिळा नाही, डिंक नाही. फळ्या ओल्या राहिल्या तर फुगून एकमेकींना घट्ट धरतात, सुकल्या की आकसतात, पट्ट्या सैल पडतात आणि अख्खं पिंप मोकळं होतं. म्हणून घेताना फळ्यांमधून उजेड दिसतो का ते बघायचं. पट्टी हातानं हलते का बघायचं. नुकतंच रिकामं झालेलं, बूच लावलेलं पिंप चांगलं. वर्षभर उन्हात पडलेलं स्वस्त मिळतं, पण घेऊ नये.

आणलं की आधी बूच काढून आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवायचं. आतल्या वाफा पेट घेऊ शकतात. जवळ काडी, मेणबत्ती, ठिणग्या उडवणारं मशीन काही आणायचं नाही. मग धुवायचं. पहिल्या दोन वेळा आम्ही दोन-दोन बादल्या पाणी घालून पिंप ड्राइव्हवेवर लोळवलं. तपकिरी, उग्र वासाचं पाणी निघालं. मुलगा ते हिरवळीवर ओतायला निघाला तर सासूबाई ओरडल्या, "गांडुळं मरतील रे!" शेवटी बादल्या भरभरून सगळं संडासात ओतलं. त्यानंतर तीनदा पूर्ण भरून एकेक दिवस ठेवलं. पहिल्या दिवशी चारी बाजूंनी गळत होतं. लाकूड फुगलं तसं आपोआप थांबलं.

पट्ट्या घसरू नयेत म्हणून प्रत्येक पट्टीला चार-पाच ठिकाणी अर्ध्या इंचाचे स्क्रू मारले. फळी साधारण इंचभर जाड असते, लांब स्क्रू आरपार जाऊन गळती लागते. पट्ट्यांचा गंज तारेच्या ब्रशनं घासून गंजरोधक रंग दिला. बाहेरून लाकूड कोरडं असताना अळशीचं तेल लावलं. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा. आतल्या कोळशाला काही लावलं नाही. खाली विटांचा भक्कम ओटा हवा, कारण भरल्यावर वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. जागा सावलीची बघावी. तळाशी नळ, वरच्या कडेला जास्तीचं पाणी निघून जायला पाइप. छपराचं पाणी असल्यामुळं पिण्याच्या कामाचं नाहीच. इथं थंडीत पाणी गोठून फळ्या फुटतात, म्हणून बर्फ पडायच्या आधी रिकामं करून सावलीत झाकून ठेवणार आहोत.

राहिली तिसरी अट. साठलेलं पाणी म्हणजे डासांची अंडी. आणि एकदा अळ्या झाल्या की पुढं काहीही केलं तरी हिंसाच. तेव्हा डासाला पाण्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. वरच्या झाकणाला पाडलेल्या भोकावर मुलानं तारेची बारीक जाळी बसवली, पानं अडतात. जास्तीच्या पाण्याच्या पाइपालाही जाळी लावली. जाळीखाली सासूबाईंनी फडकं बांधलं, सुती, दुहेरी, घरात पाणी गाळायला वापरतात तसलंच. आपल्याकडं गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, 48 मिनिटं; इथं पाणी दिवसच्या दिवस राहतं, तेव्हा हे काही शुद्ध पाणी नव्हे, हे त्यांनाही माहीत आहे. पण पाऊस थांबला की त्या जातात, फडकं सोडतात, पन्हाळीतून वाहिलेल्या पाण्याच्या डबक्यात ते अलगद उलटं करून धुतात आणि परत बांधतात. पहिल्या महिन्यात पाला साठून फडकं तुंबायचं. आता आधी जाळी झाडतात.

वास जायला अडीच महिने लागले. अजूनही उन्हाच्या दिवशी पिंपाजवळ वाकलं तर किंचित येतो. लाकडात मुरलेलं सगळं निघत नाही, असं ते शेजारचे आजोबा म्हणाले. पूर्वी त्या वासानं माझ्या पोटात गोळा यायचा. आता वास आला की मी मुलाला अण्णांच्या गोष्टी सांगते. ते किती सुंदर पूजा म्हणायचे तेही, आणि रात्री दार वाजलं की आई कशी उठून बसायची तेही. सोळा वर्षांच्या मुलाला हे माहीत असावं, असं मला वाटतं. तो इथंच मोठा होणार, त्याच्या कॉलेजात हा वास रोज असणार. "आपल्यात कुणी पीत नाही" एवढ्या एका वाक्यावर तो किती दिवस टिकेल?

दशलक्षण संपत आलंय. क्षमावाणीला आपण सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा मी पहिल्यांदा आईची मागणार आहे, कारण वेगळ्या बादलीतला तो शर्ट मी रोज बघत होते आणि तिला एकदाही काही विचारलं नाही. मोठी झाल्यावरही नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी वेगळी बादली असेल, तर ती एकटीनं धुवू नका. सासूला, जावेला, बहिणीला, कुणाला तरी सांगा. आपल्या बायकांना वाटतं तेवढं घर त्यानं मोडत नाही. माझं मोडलं नाही.

पाऊस आलाय. सासूबाई खिडकीतून फडक्याकडं बघतायत. जाते.

जय जिनेंद्र.