पाटी पिट्सबर्गची, पंप हातखंब्याचा

पिट्सबर्ग सोडायच्या आधी भाच्याने गाडी बॉम बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्याच्या कडेला घेतली. "मामा, खास तुमच्यासाठी," म्हणाला. खांबावर एक निळी पाटी होती आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने इथे पेट्रोल पंप उघडला, गाडी रस्त्यावरून थेट आत आणून छपराखाली उभी करायची अशा सोयीचा. त्याआधी लोक पेट्रोल औषधाच्या नाहीतर लोखंडी सामानाच्या दुकानातून डब्यात घालून न्यायचे. पहिल्या दिवशी खप झाला ३० गॅलन, आपल्या हिशेबाने जवळजवळ ११४ लिटर. भाव गॅलनला २७ सेंट. हवा फुकट, पाणी फुकट आणि पंप रात्रभर उघडा.

पंप कधीच गेला, पाटी तेवढी राहिली आहे. मी मात्र तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. हवा फुकट, पाणी फुकट. माझं लहानपण ज्या पंपाच्या आसपास गेलं त्याचा मूळपुरुष मला हजारो मैलांवर भेटत होता.

मग आम्ही पेट्रोल भरायला गेलो. इथे त्याला गॅस म्हणतात. आठ मशीनं, वर पांढरा लख्ख उजेड, आणि माणूस एकही नाही. भाचा उतरला, कार्ड घातलं, नळी काढली, टाकीत लावली. मशीनवरच्या पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या. थंडी हाडात शिरत होती. पलीकडच्या मशीनपाशी एक म्हातारी बाई हातातली काठी गाडीला टेकवून स्वतः नळी ओढत होती. तिच्या मदतीला कोणी गेलं नाही, आणि कोणी येईल अशी वाटही ती बघत नव्हती. मी दार उघडून उतरलो तेव्हा तिचं काम झालं होतं. ती माझ्याकडे बघून हसली, काठी आत ठेवली आणि गेली. पुढचे दोन तास मी फारसा बोललो नाही.

आमच्याकडे, रत्नागिरीजवळ, हातखंब्याच्या तिठ्याच्या जरा अलीकडे पंप होता. मुंबई-गोवा रस्ता तेव्हा सतरा नंबरचा. पंपावरच्या काकांचं नाव गावात कोणीच घ्यायचं नाही, सगळ्यांचे ते काका. गाडी आली की आधी तिच्याभोवती एक फेरी. टायरवर टाचेने एक दाब, बॉनेटकडे एक नजर. मग "मीटर शून्यावर आहे, बघून घ्या." मीटरचे आकडे चाकासारखे फिरायचे, आणि ते फिरताना बघायला मिळावेत म्हणून मी वडिलांच्या लॅम्ब्रेटाच्या पुढच्या फळीवर उभा राहून जायचो. स्कूटरला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागे. काका मापाने ऑइल ओतायचे, झाकण लावायचे आणि स्कूटर दोन्ही बाजूंना हलवायचे, ताक घुसळावं तशी. तो वास अजून कुठे आला तर मी आठ वर्षांचा होतो.

पण पेट्रोल हे निमित्त. पावसाळ्यात तो पंप म्हणजे रस्त्याची खबर होती. कशेडीत दरड आली का, परशुराम घाटात गाड्या अडकल्यात का, हे मुंबईहून उतरलेला ट्रकवाला आधी काकांना सांगायचा. मग काका प्रत्येकाला सांगायचे, "रात्रीचं नको, पहाटे निघा." वैशाखात आंब्याच्या पेट्या भरलेले ट्रक रांगेने लागत आणि सगळीकडे गवताचा नि पिकत्या हापूसचा वास. एखादा ड्रायव्हर म्हणे, "घरी निरोप द्या, परवा येतो." काका तो लक्षात ठेवायचे आणि त्या गावची एसटी दिसली की कंडक्टरच्या कानी घालायचे. माझ्या आजोबांच्या शेवटच्या दुखण्याची बातमी आम्हाला अशीच पंपावरून मिळाली. तार दुसऱ्या दिवशी आली.

त्या पंपावर पिवळा शिंपला होता, बर्मा-शेलचा. १९७६ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी तिची भारत पेट्रोलियम झाली, पण लोकांच्या तोंडी बर्मा-शेलच राहिलं. रत्नागिरीच्या पोराला बर्मा म्हणजे थिबा राजा. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला आमच्या गावात आणून ठेवलं. येनांजाउंगच्या तेलविहिरी त्याच्या राज्यातल्या, तेल विकायचा हक्क राजाचा. त्याच १८८६ मध्ये स्कॉटलंडमध्ये बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली, आणि १९२८ मध्ये तिच्यातून नि शेलमधून बर्मा-शेल. राजा टेकडीवरच्या वाड्यात १९१६ मध्ये वारला. त्याच्या देशाचं नाव लावलेला शिंपला पुढे त्याच गावच्या वेशीवर लागला. हे मला मोठेपणी कळलं आणि तेव्हापासून त्या पाटीची आठवण नुसती गोड राहिलेली नाही.

पेन्सिल्व्हेनियाचे डोंगर संपता संपत नव्हते. काटा खाली आला तरी भाचा थांबेना. "नदी ओलांडू दे," एवढंच म्हणाला. डेलावेअर नदी ओलांडली, न्यू जर्सी लागलं, आणि त्याने गाडी पंपात घेतली. मी सवयीने दाराला हात घातला. "बसा मामा. इथे आपण उतरायचं नाही. कायदा आहे."

कायदा! १९४९ चा. तेव्हा तिथल्या एका पंपवाल्याने गिऱ्हाइकांना स्वतःच भरायला लावून भाव तीन सेंटनी पाडला, बाकीचे पंपवाले सरकारकडे धावले, आणि आगीच्या भीतीचं कारण देऊन गिऱ्हाइकाने नळीला हात लावायलाच बंदी झाली. म्हणजे मुळात हा धंद्याचा बचाव, मायेचा नव्हे. ऑरेगनमध्ये १९५१ पासून असाच कायदा होता, तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. आता सगळ्या अमेरिकेत न्यू जर्सी हे एकच राज्य उरलं. कारण काही असो, त्या कायद्याने पंपावर माणूस उभा ठेवला आहे, आणि मला तेवढं पुरे होतं.

आपल्याकडे तो कायद्यावाचून उभा आहे. नियमाने हवा-पाणी आजही फुकट आहे, संशय आला तर पाच लिटरचं माप मागता येतं. पण कशेडीला बोगदा झाला, रस्ता सहासष्ट नंबरचा झाला, खबर मोबाइलवर येते. गेल्या मे महिन्यात हातखंब्याला मी स्वतः काच चार बोटं खाली करून "फुल" म्हटलं, कोड स्कॅन केला आणि निघालो. ज्या मुलाने पेट्रोल भरलं त्याचा चेहरा मला आठवत नाही.

इथे खिडकीवर टकटक झाली. पांढरी दाढी, पगडी, कानावरून घट्ट गुंडाळलेला मफलर. भाच्याने कार्ड दिलं. नळी लावून तो माणूस तिथेच उभा राहिला नाही, गाडीभोवती फिरला. मागच्या उजव्या चाकापाशी थांबला आणि टायरवर टाच टेकवली.

मी काच पूर्ण खाली केली. बर्फाचा वारा आत आला. "हवा कम है, जी," तो म्हणाला, "दूर जाना है?"

भाचा म्हणाला, तासाभराचाच रस्ता आहे, घरी जाऊन बघू. मी म्हटलं, नको, भरून घेऊ. आणि उतरलो. हवेच्या नळीपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. पाच वर्षं इथे आहे म्हणाला, गाव होशियारपूरकडे. मी रत्नागिरी म्हटल्यावर त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "आमवाला?"

"हां, आमवाला."

तो वाकून चाकाला हवा भरू लागला. मी टॉर्च धरला.