युद्धाची बाकी

युद्ध संपल्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात एकच असते. तहनाम्यावर सह्या होतात, तोफा थंडावतात, घरोघर दिवे लागतात आणि शाळेतील मुलांना एक सनावळी पाठ करावी लागते. पण भूमीची वही निराळी असते. तिच्या खात्यावर जे जमा झाले ते कोणाच्या सहीने वजा होत नाही. ते एक तर खणून काढावे लागते, नाही तर आपल्या मर्जीने ते कधी तरी बाहेर येते. या दुसऱ्या वहीचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करावयास लावला तो लंडन शहराच्या काही नकाशांनी. त्यांचा एक छापील संग्रह हाती आला आणि पुढे कित्येक दिवस आम्ही त्याच विचारात राहिलो.

हे नकाशे लंडन कौंटी कौन्सिलच्या वास्तुविशारद खात्याने महायुद्धाच्या काळात तयार केले. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर मोठे हवाई हल्ले सुरू झाले आणि पुढे सलग ५७ रात्री ते चालू राहिले. रात्री बाँब पडावेत आणि पुढे पाहणी करणाऱ्यांनी ढिगाऱ्यांतून वाट काढीत प्रत्येक घरासमोर उभे राहून त्याची अवस्था ठरवावी, असा तो क्रम होता. मैलाला पंचवीस इंच इतक्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर मग एकेक घर हाताने रंगविले जाई. समूळ नष्ट झालेले घर काळे. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले जांभळे. दुरुस्तीची आशाच संशयास्पद, ते गडद तांबडे. खर्च केल्यास उभे राहील, ते फिके तांबडे. केवळ स्फोटाच्या दणक्याने हादरलेले नारिंगी, आणि किरकोळ इजा झालेले पिवळे. १९४४ च्या जूनपासून वैमानिकाविना येणारे उडते बाँब पडू लागले आणि सप्टेंबरपासून अग्निबाण. त्यांच्या जागांसाठी अनुक्रमे मोठी आणि लहान वर्तुळे काढण्यात आली.

वाचकहो, हे नकाशे दिसावयास सुंदर आहेत हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते खरे आहे. दुरून पाहावे तर एखाद्या कुशल स्त्रीने गोधडी शिवावी तसे रंगांचे तुकडे एकमेकांस लागलेले दिसतात. जवळ जाऊन सूची वाचली, की मग छातीत धस्स होते. सेंट पॉलच्या मंदिराच्या उत्तरेस पॅटरनॉस्टर रो नावाचा पुस्तकविक्रेत्यांचा रस्ता होता. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री तो पेटला आणि सुमारे पन्नास लाख पुस्तके जळाली असे मानतात. जवळच्याच क्रिपलगेट विभागात १९५१ साली अवघे ४८ रहिवासी उरले होते. नकाशावर या साऱ्याला जागा किती? बोटाच्या पेराएवढी.

या रंगांत माणूस कोठेच नाही, हेही लवकरच ध्यानात येते. काळे घर म्हणजे त्यातील माणसे गेली असे नव्हे. ती तळघरात अथवा भुयारी रेल्वेच्या फलाटावर सुखरूप असतील. पिवळ्या घरातील एखादी आजी मात्र फुटलेल्या काचेने गेली असेल. भिंती मोजणाऱ्याने भिंतीच मोजल्या. प्रथम आम्हांस हा हिशेब कोरडा वाटला. पण विचारांती वाटले, की हा कोरडेपणा हीच त्याची सचोटी होय. ज्याने मोजावयाचे त्याने रडू नये असे नाही; पण रडण्याने आकडा बदलू नये. शहर पुन्हा बांधावयाचे तर कोणती भिंत ठेवावी आणि कोणती पाडावी, हे कोणी तरी शांत हाताने लिहून ठेवावयास हवेच होते.

मात्र जे बाँब फुटले त्यांचाच हिशेब असा घराच्या रंगाने लागतो. जे फुटले नाहीत त्यांना रंग कोणता द्यावा? १२ सप्टेंबर १९४० रोजी सेंट पॉलच्या मंदिराजवळ असाच एक भला थोरला बाँब न फुटता जमिनीत खोल रुतला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि त्यांची तुकडी तीन दिवस त्याच्यामागे खणत राहिली. बाँब प्रत्यक्ष प्रथम दिसला तो जॉर्ज वायली या साध्या सैनिकाला. अखेर तो वर काढून लॉरीवर चढविला, आणि रिकाम्या केलेल्या रस्त्यांतून डेव्हिस यांनी ती लॉरी हॅकनेच्या दलदलीकडे नेली. तेथे त्याचा स्फोट केला तेव्हा सुमारे शंभर फूट रुंदीचा खड्डा पडला म्हणतात. त्याच महिन्यात जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक नव्याने सुरू झाले होते. ते मिळविणाऱ्या पहिल्या काही जणांत हे दोघे होते. रणांगणावरील शूराला निदान समोर शत्रू दिसतो. या दोघांच्या समोर होती ती एक मुकी वस्तू आणि तिच्या पोटातील एक अज्ञात घटका.

ही घटका किती लांबू शकते, याचे उत्तर लंडनपेक्षा जर्मनीत अधिक स्पष्ट मिळते. काही बाँब मुद्दामच उशिराने फुटावेत असे केलेले असत, जेणेकरून आग विझविणारे आणि ढिगारे उपसणारे लोकही कचाट्यात सापडावेत. दोस्तांच्या अशा बाँबच्या शेपटाकडील कळीत ॲसिटोनची एक काचेची कुपी असे. ती फुटली की आतील द्रव सेल्युलॉइडच्या चकत्या हळूहळू विरघळवी. चकत्या विरघळल्या की अडवून धरलेली सुई सुटून स्फोट होई. पण बाँब भुसभुशीत जमिनीत शिरून उलटा वळला आणि त्याचे नाक वर झाले, तर तो द्रव चकत्यांपासून दूर ओघळून जाई. स्फोट टळला असे तेव्हा वाटले. वस्तुतः तो लांबणीवर पडला. सेल्युलॉइड वर्षानुवर्षे झिजत जाते, ठिसूळ होते, आणि म्हणून हे बाँब म्हातारे होतात तसतसे अधिक धोकादायक होतात. बर्लिनच्या उत्तरेस ओरानिएनबुर्ग म्हणून गाव आहे. १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी तेथे असे बाँब मोठ्या संख्येने टाकले; वरची माती वाळूची, खाली खडीचा थर. त्या गावाची जमीन आपल्या पिढीतही खणून तपासावी लागते आहे. आणि १ जून २०१० रोजी ग्योटिंगेन येथे असा एक बाँब निकामी करण्याची तयारी चालली असता तो फुटून तीन तज्ज्ञ मृत्युमुखी पडले. युद्ध संपून पासष्ट वर्षे झाली होती. त्या तिघांची नावे युद्धातील मृतांच्या यादीत घालावी की शांततेतील?

हे बाँब शोधावयाचे कसे? येथेच आम्हांस या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट सापडली. बाँब टाकल्यावर किती नुकसान झाले हे पाहण्यासाठी ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिक वरून छायाचित्रे घेत. पुन्हा हल्ला करावा की नाही हे त्यांवरून ठरे. तीच छायाचित्रे आज जर्मन शहरे त्या देशांच्या दप्तरखान्यांतून मिळवितात. एका ओळीत पडलेल्या बाँबचे खड्डे त्यांत दिसतात. आणि जेथे मोठ्या खड्ड्याऐवजी केवळ एक लहानसे भोक दिसते, तेथे भिंग थांबते. घर बांधण्यापूर्वी, पूल उभारण्यापूर्वी हे जुने चित्र पाहिले जाते. मारण्यासाठी घेतलेले चित्र असे तारण्याच्या कामी येते. वैऱ्याचा डोळा शेजाऱ्याचा डोळा होण्यास कित्येक दशके लागली, पण झाला खरा.

तरीही पुष्कळ वेळा बाँब अवचितच सापडतो. २०११ च्या अखेरीस ऱ्हाइन नदीचे पाणी आटले आणि कोब्लेंट्झ येथे एक अजस्र ब्रिटिश बाँब उघडा पडला. ४५,००० लोकांना घरे सोडावी लागली. ३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रँकफुर्टमध्ये साठ हजारांहून अधिक लोक एका दिवसापुरते निर्वासित झाले. रुग्णालये रिकामी करावी लागली, आणि त्यांत अपुऱ्या दिवसांची बालकेही होती. त्या बालकांच्या पणज्यांवर टाकलेला बाँब त्यांच्या पाळण्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

हे सारे दूर देशीचे आहे असे म्हणून पुस्तक मिटता येत नाही. कोलकात्यावर डिसेंबर १९४२ पासून जपानी विमानांनी बाँब टाकले होते. आणि तेथील गोदीत गाळ काढताना त्या महायुद्धातील मानला गेलेला एक मोठा बाँब डिसेंबर २०१८ मध्ये वर आला. मुंबईवर हवाई हल्ला झाला नाही. परंतु १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावरील सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्याचा भडका उडाला, तेव्हा अनेकांना ‘जपान आला’ असेच वाटले. आमच्या एक आत्या तेव्हा गिरगावात होत्या. भिंतीवरचे घड्याळ पडून फुटले, एवढेच त्या सांगत. आणि मग पुष्कळ वेळ काहीच सांगत नसत. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. पण सरकारने बातमीचा तपशील मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दाबून ठेवला. तोवर शत्रूच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने तो सांगून टाकला होता. जहाजावरील सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या. जमीन आणि पाणी यांना खबर दाबता येत नाही, हेच खरे.

म्हणून आम्हांस त्या रंगविलेल्या नकाशांचे मोल मोठे वाटते. ज्या काळी विजयाचीही खात्री नव्हती, त्या काळी काही माणसांनी आपल्याच शहराच्या जखमा न लपविता, न वाढविता, घरागणिक नोंदवून ठेवल्या. ती नोंद करणाऱ्यांस ठाऊक नव्हते की ऐंशी वर्षांनंतर कोणी ती उघडून पाहील. आपल्याकडे आगी लागतात, पूर येतात, दंगली होतात; त्यानंतर आपण भाषणे करतो, मदत गोळा करतो आणि दु:ख विसरण्यास एकमेकांस सांगतो. विसरावे अवश्य, मनाला त्यावाचून गती नाही. पण विसरण्यापूर्वी कोणी तरी कागद घेऊन रस्त्यावर उतरावे, घरे मोजावी, आणि रंग खरा द्यावा. जी बाकी आपण लिहून ठेवणार नाही, ती आपल्या नातवंडांना फावड्याच्या टोकाशी सापडेल.