फवारू का नको?

नव्या कंपन्यांना जाहिरातीचा मजकूर लिहून देणं हे माझं काम. त्यात लिहिणं थोडंच. बराचसा वेळ संस्थापकांच्या लाडक्या गोष्टी त्यांच्याकडून सोडवून घेण्यात जातो. द्राक्षबागेसाठी सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीचं पत्रक आलं, त्याची पहिलीच ओळ होती ‘एआय-आधारित एकात्मिक कृषी प्लॅटफॉर्म’. खाली सुविधांची लांबलचक यादी.

त्या कंपनीच्या मुलांबरोबर निफाडकडे गेले. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, परतीचा पाऊस रेंगाळलेला. या दिवसांत बागायतदाराची झोप उडवतो तो डाऊनी मिल्ड्यू. पानं काही तास ओली राहिली की हा रोग शिरतो, म्हणून आभाळ भरून आलं की लोक धास्तीनेच फवारणीचा ब्लोअर जोडतात. औषध, डिझेल, मजुरी सगळं आलंच; शिवाय माल युरोपला जायचा असेल तर फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची, रेसिड्यूची चिंता वेगळी. आमचा संस्थापक मोबाइलवर आलेख दाखवू लागला. एका काकांनी बराच वेळ ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, ते सगळं राहू द्या. उद्या फवारू का नको, तेवढं सांगतं का हे?”

सांगत होतं की! पानांवरचा ओलावा, तापमान, हवेतली आर्द्रता मोजून रोगाचा अंदाज काढणं हेच त्याचं खरं काम. पत्रकात ते पार तळाशी गेलं होतं.

परतताना गाडीत वाद झाला. संस्थापकाला पाणी, खत, काढणी सगळंच पहिल्या ओळीत हवं. मी केनियातल्या एम-पेसाचा दाखला दिला. २००५मध्ये तिथे मोबाइलवरून सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडण्याची चाचणी झाली. लोक मात्र त्यातून एकमेकांना पैसे पाठवू लागले. २००७मध्ये सेवा बाजारात आली ती ‘सेंड मनी होम’ म्हणत. “त्यांच्या पाठीशी सफारीकॉम होती, मॅडम,” तो म्हणाला. बोलणं खोटं नव्हतं. एवढी मोठी टेलिफोन कंपनी मागे असली की तीन शब्दही पुरतात. तरी मी हटले नाही.

पत्रकासाठी मी लिहिलं, ‘आज फवारायचं की नाही, पहाटेच कळेल.’ ही ओळ सगळ्यांना पटली आणि इंजिनिअरांपाशी अडली. त्यांचा अंदाज निघायचा सकाळी दहाला. बागेत ब्लोअर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. प्लॅटफॉर्म वगैरे म्हणत होते तोवर हा उशीर कुणाच्या लक्षात आला नव्हता. ‘पहाटे’ तेवढं काढा, असं मला सुचवण्यात आलं. मी नाही म्हटलं. मग अंदाजाचं गणित रात्रीत उरकायची खटपट सुरू झाली आणि ती जमेपर्यंत पत्रक छापायला गेलं नाही. ‘फवारणी निम्म्यावर’ असंही कुणाला हवं होतं. एका हंगामाच्या नोंदींतून तेवढं सिद्ध होत नव्हतं, तेव्हा तेही घातलं नाही.

गुंतवणूकदारांपुढच्या सादरीकरणात प्लॅटफॉर्म अजून पहिल्याच पानावर आहे. तिथे तेच चालतं म्हणे.