दिल्ली ते देवगिरी

छत्रपती संभाजीनगराच्या चिकलठाणा विमानतळापासून दिल्लीचे सरळ आकाशांतर सुमारे ९८० किलोमीटर भरते, आणि वेळापत्रकात विमानास त्यासाठी दोन तासांच्या आतबाहेर वेळ दिलेला असतो. ताशी ८०० किलोमीटरांच्या वेगाने हा पल्ला सव्वा तासातच संपावयास हवा, असे घरातील मुले त्रैराशिक मांडून सिद्ध करतील. परंतु विमानास धावपट्टीपर्यंत सरपटत जावे लागते, उंची हळूहळू गाठावी लागते व उतरण्याच्या पुष्कळ आधीपासून वेग आवरावा लागतो. शिवाय दिल्लीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी उतरण्याची पाळी यावी लागते ती निराळीच. मुंबई तर येथून सरळ रेषेत अवघी २८० किलोमीटर; पण तेथे जाण्यासही वेळापत्रकात तासाभराचा हिशेब धरलेला असतो.

हे दोन तास आम्हांस थोडे वाटतात की फार, हे दुसऱ्या एका प्रवासावरून ठरवावे. नगराच्या वायव्येस पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा दुर्ग आहे. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने त्यास दौलताबाद नाव देऊन आपली राजधानी केले, आणि दिल्लीतील अमीर, विद्वान व सूफी यांना सहकुटुंब तेथे येण्यास भाग पाडले. इब्न बतूता ही वाट चाळीस दिवसांची सांगतो. आजच्या रस्त्याने हे अंतर बाराशे किलोमीटरांहून अधिक आहे; म्हणजे रोजची मजल तीस किलोमीटरांची. तरुण गड्यास ती जड नाही. ज्या घरात अंथरुणास खिळलेली आजी व अंगावर पिणारे मूल असेल, त्या घराने ती चाळीस दिवस कशी चालावी?

एका आंधळ्यास या वाटेने फरफटत नेले आणि शेवटी त्याचा केवळ पाय दौलताबादेस पोहोचला, अशीही कथा बतूता देतो. तो स्वतः १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला. ही गोष्ट त्याच्या कानावर आलेली. ती अक्षरशः खरी मानण्यास आम्ही तयार नाही, पण लोकांच्या मनात कोणता सल उरला होता तो तीत दिसतो. वाटेवर दुतर्फा झाडे होती आणि टपालाच्या चौक्या होत्या, हेही त्यानेच नोंदविले आहे. सुलतानास दौलताबादेत पिण्याचे पाणी गंगेचे लागे व तेही चाळीस दिवसांच्या वाटेवरून येई! प्रजेस मात्र गंगाच काय, यमुनाही अंतरली होती.

पुढे सुलतानानेच परतण्याची मुभा दिली. पण सर्वच परतले नाहीत. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये इकडेच वारले. निजामुद्दीन औलियांची संभाषणे टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी हाही दिल्लीहून आलेल्यांपैकीच. वेरूळच्या वाटेवर, देवगिरी मागे टाकून घाट चढला की खुलदाबाद लागते. दोघांच्याही कबरी तेथे आहेत.