पेठेंतील दोन खोल्या

गेल्या वर्षीं आम्हीं पुण्यास सदाशिव पेठेंत दोन खोल्यांचें घर विकत घेतलें. तेव्हांपासून स्नेहीमंडळींचे दोन प्रश्न ठरलेले आहेत: इतकें लहान कां, आणि त्या गर्दींत कां? वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच विचार चालू असेल, म्हणून आमची हकीकत जरा विस्तारानें सांगतों.

आमचें कुटुंब साताऱ्यास एकत्र राहतें. मातोश्री, आम्ही तिघे बंधु, तिघी जावा आणि सात मुलें. मुलें एकामागून एक शिक्षणासाठीं पुण्यास जाणार हें उघडच होतें. पहिल्या दोघांनीं चार वर्षें 'कॉट'वर काढलीं. ज्यांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, पेठेंत पुष्कळदां खोली भाड्यानें मिळत नाहीं, खोलींतली खाट मिळते. एका खोलींत चार-पांच खाटा आणि सर्वांत मिळून एक पंखा!

सदाशिवरावभाऊंच्या नांवाची ही पेठ विद्यार्थ्यांची झाली ती कांहीं आजकाल नव्हे. आमचे आजोबा येथें वार लावून जेवले. माधुकरी मागून शिकलेल्यांची तर गणतीच नाहीं. अनाथ विद्यार्थी गृह निघालें तें १९०९ सालीं. हल्लीं मराठवाड्यांतून, खानदेशांतून स्पर्धापरीक्षांसाठीं आलेलीं मुलें अभ्यासिकांतून पहांटेपासून बसलेलीं दिसतात, आणि खानावळीचे डबे गल्लोगल्लीं फिरत असतात. तेवढ्याच पैशांत शहराबाहेर दुप्पट जागा मिळत होती, व वडीलबंधूंचा ओढा तिकडे होता. परंतु रोजचे दोन तास जाण्यायेण्यांत गेले तर त्या मोठ्या जागेंत मुलें केवळ झोपण्यापुरतीं येणार, हें त्यांस पटलें.

खरी अडचण पैशाची नव्हती. मातोश्रींनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "आज खोल्या घ्याल, उद्यां चूल मांडाल." आमच्या चुलत घराण्यांत पुण्याचें बिऱ्हाड असेंच मुलांच्या शिक्षणासाठीं झालें होतें, पुढें सुनेनें तेथेंच राहण्याचें ठरविलें आणि पांच वर्षांत वांटणी झाली. मातोश्रींनीं तें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. त्यांस काय उत्तर द्यावें हें तिघांसही सुचेना. महिनाभर विषय बंदच राहिला.

शेवटीं त्याच म्हणाल्या, "पाहून तर या." मग आम्ही एप्रिलांत, मुद्दाम दुपारीं चारच्या सुमारास, घरें पाहूं लागलों. एका विक्रेत्यानें 'ऊर्जाबचतीचें घर' म्हणून वरच्या मजल्यावर नेलें. मंद दिवे, चकचकीत फरशी, पश्चिमेस भिंतभर कांच. आम्हीं भिंतीस आंतून हात लावला तो तव्याप्रमाणें तापलेली! यंत्राखेरीज त्या खोलींत उन्हाळा निघणें शक्य नव्हतें, मग बचत ती कोठली?

पुण्यास मेच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्यामुळें भर उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीस ऊन थोडेंच लागतें, आणि तें हातभर छज्जाही अडवितो. तापतें तें छप्पर, आणि तापतात त्या पूर्वपश्चिम भिंती. कारण तिकडील ऊन तिरपें येऊन छज्जाखालून आंत शिरतें. केंद्र सरकारनें २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं 'इको-निवास संहिता' काढली, तिचा भर याच गोष्टींवर आहे. भिंती व खिडक्यांतून आंत येणारी उष्णता सरासरी चौरस मीटरला १५ वॅटच्या आंत असावी, छताची मर्यादा वेगळी, आणि उघडणाऱ्या खिडक्या जागेच्या मानानें पुरेशा असाव्या. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हेंच काम निमूटपणें करीत होते.

अखेर घेतलें तें घर सहापैकीं चौथ्या मजल्यावरचें आहे. खिडक्या दक्षिणोत्तर समोरासमोर, पश्चिमेस जिना, भिंती हलक्या ठोकळ्यांच्या. गवंडी त्यांस 'सिपोरेक्स' म्हणतात. जागा ४२० चौरस फूट, आणि हे फूट चटईक्षेत्राचे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटईक्षेत्रांत बाहेरच्या भिंती व गच्च्या धरतां येत नाहींत, म्हणून मोजतांना टेप आम्हीं स्वतः धरली. पंखे नव्या धाटणीचे, सुमारें ३० वॅटचे, घेतले. जुना ७५ वॅटचा असतो. दिवसाचे १५ तास व वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागें दोनशें युनिटें वांचतात. स्नानाचें पाणी गच्चीवरील सौर बंबाचें. मात्र नळांतून पहिली बादली गारच येते. ती भांड्यांस वापरावी अशी थोरल्या वहिनींची आज्ञा आहे.

खरेदीखत तिघी जावांच्या नांवें झालें. महाराष्ट्रांत २०२१ पासून सर्व खरेदीदार स्त्रिया असल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्का सवलत मिळते. पुरुषाचें एक नांव घातलें कीं ती जाते. सूचना थोरल्या वहिनींची, आणि सवलत हें त्यांनीं पुढें केलेलें कारण होतें. तिघींच्या सह्यांवांचून खोल्या विकतां येणार नाहींत, एकीला त्या आपल्या म्हणतां येणार नाहींत, हें मातोश्रींस समजलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. गॅसची जोडणी घेतली नाहीं. चहा-दुधापुरती विजेची शेगडी आहे. जेवण खानावळीचें, आणि पंधरवड्यानें कोणीतरी साताऱ्याहून लाडू, चटण्या, मेतकूट घेऊन जातें.

सध्यां तेथें थोरल्यांचा धाकटा मुलगा व आमची कन्या राहतात. जूनपासून धाकट्या बंधूंची मुलगी यावयाची आहे. तिची खाट कोठें मांडावी यावर तिघांचा पत्रव्यवहार चालू आहे. खरेदीखत मातोश्रींच्या कपाटांत आहे. पुण्यास येण्याचें त्यांनीं अद्याप कबूल केलेलें नाहीं. परवां मात्र त्यांनीं त्या विजेच्या शेगडीवर पुरण शिजतें काय, असें सुनेस विचारलें.