दार बंद होण्याआधी

क्रेनच्या कामात कौतुक होतं ते उंचीचं आणि वेगाचं. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर तासाला किती कंटेनर चढले-उतरले याचा हिशेब रोज मांडला जातो, आणि जहाज नुसतं उभं राहिलं तरी खर्च चालूच असतो, म्हणून तो हिशेब मांडायलाही हवा. पण या कामातला माणूस म्हणून माझं ठाम मत आहे की उचल नीट होणार की नाही हे बरंचसं धक्क्यावर ठरतच नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, भिवंडीजवळ माणकोली-पूर्ण्याच्या गोदामांत, कंटेनरचं दार लागण्याआधीच ते ठरून गेलेलं असतं. केबिनच्या तळाच्या काचेतून, मान खाली घालून, ऑपरेटर स्प्रेडर, म्हणजे क्रेनच्या दोरांना टांगलेली उचलायची चौकट, कंटेनरवर टेकवतो. चार कोपऱ्यांच्या भोकांत चार ट्विस्टलॉक शिरतात, पाव फेरा फिरतात, दिवा लागतो, दोर ताणले जातात. माल समतोल भरला असेल तर चारही कोपरे एकदम ट्रेलर सोडतात. रसायनांचे ड्रम सगळे पुढच्या भिंतीशी दाटले असतील तर मागची बाजू आधी उठते. जहाजाच्या पोटात उभ्या गाइडमधली फट जेमतेम काही बोटांची. तिरका कंटेनर तिथे अडकतो. मग वर घ्या, झोका थांबवा, पुन्हा लावा. ऑपरेटरचं कसब पणाला लागतं खरं, पण ते गोदामातली चूक सावरण्यात जातं.

यावर कोणी म्हणेल, आता वजन केल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढतच नाही. बरोबर आहे. १ जुलै २०१६ पासून सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवावं लागतं. त्याची गरजही होती: २००७ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर चढवाव्या लागलेल्या एमएससी नेपोली जहाजाच्या चौकशीत, डेकवरच्या ६६० पैकी १३७ कंटेनरांच्या खऱ्या आणि कागदावरच्या वजनात तीन टनांहून जास्त फरक निघाला. पण काटा सांगतो ते एकूण वजन. वीस टन माल आत कुठे बसला आहे, हे त्या आकड्यात नसतं. नव्या क्रेनना चारही कोपऱ्यांवरचा भार कळतो, तोही उचलल्यावर. तोवर बंदराच्या वाटेवरच्या मुंब्रा बायपासची वळणं त्याच तिरक्या वजनानिशी पार झालेली असतात, आणि तिथला धोका ट्रेलरच्या ड्रायव्हरने घेतलेला असतो.

मग दोष भरणाऱ्या हातांचा का? मला तसं वाटत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने या श्रमाला संरक्षण दिलं, पण माल कुठे ठेवायचा हे माथाडींना सांगतं कोण? ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी, कल्याण-शीळ रस्ता तुंबलेला, बंदराची मुदत डोक्यावर. ट्रेलर दारात लागला की जो माल जवळ तो आधी आत जातो. कंटेनरच्या अर्ध्या लांबीत साठ टक्क्यांहून जास्त वजन नको, हा नियम धंद्यात जुना आहे. तो पाळायला यंत्र लागत नाही. ट्रेलर यायच्या आधी मालाचा आराखडा कागदावर काढलेला हवा, आणि तो जुळेपर्यंत दार लावू न देण्याचा अधिकार गोदामातल्या एका माणसाकडे हवा. यात अर्धा तास जाईल, अशी तक्रार व्यापारी करतील. तो जाऊ द्यावा. गोदामात फोर्कलिफ्टने दोन पॅलेट मागे सरकवता येतात. सील लागल्यावर बंदरात तोच कंटेनर उघडायचा तर कस्टमची परवानगी लागते आणि जहाजही निघून गेलेलं असू शकतं.